आग लागली, माहितीस्तव

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) लिहिणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, असे मी लोकांना सांगतो. प्रत्यक्षात माझा बराचसा दिवस इतरांनी लिहिलेले ड्रायव्हर काय बडबडत आहेत, ते वाचण्यातच जातो. कर्नलच्या आत डीबगर (चुका शोधायचे साधन) लावणे हे मोठे सव्यापसव्य असते, त्यामुळे हार्डवेअरच्या पोटात नेमके कुठे दुखते आहे हे जाणून घेण्यासाठी बहुतेक वेळा दोनच गोष्टी हाताशी उरतात: संदेश नोंदवणारे प्रिंटके नावाचे फंक्शन, आणि त्याने नोंदवून ठेवलेले वाचून दाखवणारी डीमेसेज ही कमांड.

प्रिंटकेच्या संदेशांना ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे सगळे संपले, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, सहा म्हणजे नुसती माहिती आणि सात म्हणजे डीबगिंगसाठीची कुजबुज. आकडा जितका लहान, तितके संकट मोठे. योजना उत्तम आहे. अडचण एवढीच, की पायरी ठरवण्याचा अधिकार ड्रायव्हर लिहिणाऱ्याला आहे आणि आपला संदेश किरकोळ आहे असे मानणारा लेखक अद्याप जन्माला यायचा आहे. एका चिप बनवणाऱ्या कंपनीने (नाव घेत नाही, अजून त्यांच्याशी संबंध आहेत) आम्हाला दिलेला कॅमेऱ्याचा ड्रायव्हर ‘सेन्सर यशस्वीरीत्या सुरू झाला’ ही आनंदवार्ता तिसऱ्या पायरीवरून, म्हणजे चूक म्हणून, जाहीर करत असे. याउलट लिनक्समधला समांतर पोर्टाच्या प्रिंटरचा जुना ड्रायव्हर पाहा. प्रिंटर तक्रार करतो आहे, पण कागद संपलेला नाही आणि तो ऑफलाइनही नाही, असे दिसले की हा ड्रायव्हर प्रिंटरला आग लागल्याचे कळवतो, आणि तेही सहाव्या पायरीवरून. सरकारी कचेरीत एखाद्या बाबूने आगीची बातमी ‘माहितीस्तव सादर’ असा शेरा मारून वरच्या टेबलावर सरकवावी, तसा हा प्रकार आहे.

ड्रायव्हर नीट चालत असेल तेव्हा त्याने गप्प बसावे, असे कर्नलच्या लेखनशैलीच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेले आहे. आमच्या कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरने तो दस्तऐवज वाचलेला नव्हता. सेकंदाला ३० चित्रे येत आणि प्रत्येक चित्रामागे तो एक ओळ लिहीत असे. आता हे संदेश ज्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेत, साठतात तो सर्वसाधारणपणे १२८ किलोबाइटचा असतो आणि गोल फिरतो. भरला की सर्वांत जुन्या ओळी पुसून त्यांच्या जागी नव्या लिहिल्या जातात. ऐंशी अक्षरांची एक ओळ धरली तरी मिनिटभराच्या आत सगळा इतिहास धुऊन निघतो. यंत्र सुरू होताना पॉवरच्या चिपने खरोखर काहीतरी महत्त्वाचे सांगितलेले असते, पण आपण डीमेसेज चालवेपर्यंत तिथे कॅमेऱ्याच्या खुशालीखेरीज काहीही शिल्लक नसते. बफर वाढवता येतो, हे खरे; मग खुशालीही वाढते.

उणे ५१७ हा आकडा तर मला पाठ झाला आहे. आपल्याला लागणारे क्लॉक (ठोके देणारे) किंवा रेग्युलेटर (वीज पुरवणारे) अजून तयार नाही, तेव्हा मला नंतर बोलवा, असे ड्रायव्हर या आकड्याने कर्नलला कळवतो आणि कर्नल त्याला खरोखरच पुन्हा बोलावतो. त्यात चूक काहीच नसते. तरीही अनेक ड्रायव्हर प्रत्येक वेळी ‘अपयश, उणे ५१७’ असा आक्रोश करत आणि शेवटी सुरळीत सुरू होत; ग्राहक मात्र त्या आक्रोशाचे फोटो काढून आम्हाला पाठवत. २०२० साली आलेल्या कर्नलच्या ५.९ या आवृत्तीत डेव्ह-एरर-प्रोब हे फंक्शन आले आणि अशा वेळी तोंड बंद ठेवण्याची सोय झाली. जुन्या ड्रायव्हरांना ही बातमी अजून पोहोचायची आहे.

बडबड एक वेळ परवडते, पण मौन परवडत नाही. ओळीच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) द्यायची कोणी विसरला, तर कर्नल समजतो की वाक्य अजून पुरे व्हायचे आहे, आणि पुढचा संदेश येईपर्यंत ते धरून ठेवू शकतो. यंत्र नेमके त्याच क्षणी गोठले, तर मरणापूर्वीचे अखेरचे शब्द घशातच राहतात आणि आपण भलत्याच ओळीभोवती तपास करत बसतो.

सर्वांत मोठा छळ वेळेचा आहे. सिरियल कन्सोल, म्हणजे हे संदेश एकेक बिट करून तारेवरून बाहेर पाठवणारी वाट, १,१५,२०० बॉडने (सेकंदाला तितक्या बिटांच्या वेगाने) चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेअकरा हजार अक्षरे. ऐंशी अक्षरांच्या ओळीला सात मिलिसेकंद लागतात. ज्या इंटरप्टचा (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाकेचा) सगळा संसार काही मायक्रोसेकंदांत आटोपतो, त्याच्या हँडलरमध्ये (हाकेला ओ देणाऱ्या कोडमध्ये) अशी ओळ घातली की बग ज्यातून उद्भवतो ती दोन प्रोसेसरांमधली ‘आधी कोण’ ही शर्यतच मोडते आणि बग नाहीसा होतो. ओळ काढली की तो परत येतो. कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमध्ये अशाच एका ठिकाणी ‘इथे पोहोचलो’ एवढाच संदेश होता, पायरी अर्थातच तिसरी, आणि त्याच्या वर कोणा अज्ञात सहकाऱ्याची टिप्पणी होती: ‘ही ओळ काढू नये, कॅमेरा बंद पडतो.’ मुदत जवळ आली होती. मी त्या ओळीची पायरी तीनवरून सहावर आणली आणि पॅच, म्हणजे कोडमधला हा बदल, पुढे पाठवला.