भाचीला मी आज ‘गप्प बस’ म्हणाले

आज संध्याकाळी माझी भाची घरी आली. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चहा होईपर्यंतही न थांबता तिने लॅपटॉप उघडला आणि मला एक गोष्ट दाखवली. एका परीक्षेच्या संकेतस्थळावरून स्वतःचे प्रवेशपत्र उतरवून घेताना तिच्या लक्षात आले होते की वरच्या पत्त्याच्या शेवटी तिचा अर्ज क्रमांक उघडाउघड लिहिलेला आहे. त्यातला शेवटचा आकडा तिने सहज बदलला, तर समोर भलत्याच एका मुलाचे प्रवेशपत्र आले, त्याच्या छायाचित्रासह, जन्मतारखेसह, वडिलांच्या मोबाईल क्रमांकासह आणि अर्जाला जोडलेल्या जातीच्या दाखल्यासह. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, काही नाही. “मावशी, मी त्यांना कळवू ना?” असे तिने विचारले, आणि चोवीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या, मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो असे सॉफ्टवेअर) आणि नागरी हक्क या विषयांवर तुम्हां सर्वांना वेळोवेळी पकवणाऱ्या माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हे, “गप्प बस. कुणाला सांगू नकोस.”

ती गेल्यापासून मी स्वतःवर चिडलेली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना आमच्या पतसंस्थेची गोष्ट ठाऊक आहे. बारा वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेने सभासदांसाठी ऑनलाइन खातेउतारा सुरू केला होता. आईचे तिथे खाते होते आणि तिला उतारा काढून देण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. पत्त्यात खाते क्रमांक टाकताना माझ्या हातून एक आकडा चुकला आणि गावातल्या एका गुरुजींच्या कर्जाचे थकलेले हप्ते माझ्यासमोर उभे राहिले. मी ते पान ताबडतोब बंद केले, दोन पानांचे सविस्तर पत्र शुद्ध मराठीत लिहिले, दुरुस्ती कशी करावी हेही त्यात नोंदवले आणि व्यवस्थापकांच्या हाती दिले. आठ दिवसांनी आईला आणि मला बोलावणे आले. चेअरमन होते, ज्यांनी ते सॉफ्टवेअर विकले होते ते गृहस्थ शहरातून मुद्दाम आलेले होते, आणि टेबलावर माझे पत्र होते. “मॅडम, तुम्ही आमची सिस्टीम हॅक केल्याचे तुम्ही स्वतःच लेखी कबूल केलेले आहे,” हे त्या गृहस्थांचे पहिले वाक्य होते.

भाचीला हे सर्व सांगितले तेव्हा ती हसली. तिच्या पिढीला हे विनोदी वाटते, आणि तसे ते आहेच, पण माहिती तंत्रज्ञान कायदा विनोदी नाही. २००० सालच्या त्या कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरण्याविषयी बोलते, आणि तेच कृत्य लबाडीने किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ तीन वर्षांपर्यंतची कैद, पाच लाखांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही सांगते. हेतू सिद्ध करावा लागतो, हे मान्य आहे. माझ्या वकील मित्रांनी हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवले आहे की ते मला पाठ झाले आहे. पण हेतू शुद्ध होता हे ठरेपर्यंत लॅपटॉप आणि फोन जप्त होऊन मुद्देमालाच्या खोलीत पडलेले असतात, कॅम्पस मुलाखती निघून गेलेल्या असतात आणि आईवडील पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून म्हातारे झालेले असतात.

उदाहरणे मला शोधावी लागत नाहीत. २०१० मध्ये हैदराबादच्या हरी प्रसाद यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे अॅलेक्स हॉल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गाँग्राइप यांच्यासह मतदान यंत्राचा अभ्यास केला आणि त्यात फेरफार कसा करता येतो ते जगासमोर मांडले. यंत्र त्यांना एका अनामिक व्यक्तीने दिले होते. ते मुंबईतल्या सरकारी ताब्यातून चोरीला गेलेले आहे असे म्हणत त्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांना हैदराबादच्या घरून उचलले आणि मुंबईला आणले. यंत्र कुठून आले हा प्रश्न पोलिसांनी विचारू नये असे मी म्हणणार नाही. परंतु यंत्र कुणी दिले याचा तपास जितक्या तडफेने झाला त्याच्या निम्म्या तडफेने ‘यंत्रात काय सापडले’ हा प्रश्न कुणी विचारला होता काय? तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने मतदानाच्या कागदी नोंदीची सोय आवश्यक असल्याचे सांगितले, तेव्हा ज्यांनी शंका घेतल्या त्यांचे आभार मानायला कुणी गेल्याचे मला आठवत नाही. (निवडणुकांच्या सध्याच्या वादात मला आज शिरायचे नाही, तेव्हा कृपया कुणी ओढू नये.) जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या वार्ताहर रचना खैरा यांनी पाचशे रुपयांत आधारधारकांची माहिती पाहण्याची सोय विकत मिळते हे दाखवून दिले, तर आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून दाखल झालेल्या गुन्ह्यात त्यांचेही नाव आले. गळके छप्पर दाखवणाऱ्यालाच छप्पर फोडल्याबद्दल धरायचे, अशी ही रीत.

आणि खरे चोर? त्यांना कलम ६६ ची कधी भीती वाटली आहे? त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांच्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले आणि त्यातला मोठा भाग परदेशांतल्या एटीएममधून काढला गेला. ते करणाऱ्यांनी आधी व्यवस्थापकांना दोन पानांचे पत्र लिहिले नव्हते.

त्या पतसंस्थेच्या खोलीत मी एकच मागणी केली होती, की सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्यात लिहिलेले असते तो मूळ मजकूर, मला किंवा त्यांच्या विश्वासातल्या कुणा जाणकाराला दाखवावा, दुरुस्ती दोन ओळींची आहे. त्यावर ते विक्रेते गृहस्थ असे दचकले जणू मी त्यांच्या तिजोरीची किल्ली मागितली होती. कोड गुप्त आहे म्हणूनच तो सुरक्षित आहे, असे त्यांनी चेअरमनना ठासून सांगितले. ऑगस्ट केर्कहॉफ्स या मूळच्या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना सांगून ठेवले आहे की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. म्हणजे विजेचा दिवाही घरोघरी पोहोचला नव्हता तेव्हापासून हे माहीत आहे. आमच्या पतसंस्थेत किल्लीचाच पत्ता नव्हता आणि कुलूप मात्र गोपनीय होते.

सरकारला हे कळत नाही असेही नाही, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. सरकारी कामांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ पासून कागदावर आहे. कोविडच्या साथीतले आरोग्य सेतू हे सरकारी अॅप २ एप्रिल २०२० ला आले, १ मेच्या आदेशाने ते नोकरदारांवर सक्तीचे झाले, त्यानंतर चारच दिवसांनी एका फ्रेंच तंत्रज्ञाने त्यात दोष असल्याचे जाहीर केले, तेव्हा सरकारने कुणाचीही माहिती धोक्यात नसल्याचे सांगितले. पण २६ मे रोजी त्याच सरकारने त्या अॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड खुला केला आणि दोष शोधणाऱ्यांना बक्षीसही जाहीर केले! आभाळ कोसळले नाही. मग एका परीक्षेच्या संकेतस्थळाला काय अडचण आहे, आणि जे अॅप माझ्या फोनमध्ये सक्तीने बसणार ते आतून कसे आहे हे आधीच का दाखवले जात नाही?

आपण महाराष्ट्रातली माणसे आहोत. माहितीच्या अधिकारासाठी इथे उपोषणे झाली, आणि केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी तीन वर्षे आपल्याकडे तो कायदा होता. सातबाऱ्यावर कुणी काय खाडाखोड केली, फाइलवर कुणी काय शेरा मारला, हे पाहण्याचा हक्क आपण भांडून मिळवला. आता तो शेरा मारणारा कारकून सॉफ्टवेअर झाला आहे. शिष्यवृत्ती कुणाला, रेशन कुणाचे बंद, अंगठा कुणाचा जुळला नाही, हे तो ठरवतो, आणि त्याची फाइल पाहू गेले तर व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे केले जाते. संगणक सुरक्षेच्या घटनांवर लक्ष ठेवणारी सर्ट-इन ही संस्था तर नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्या कक्षेतूनच जवळपास बाहेर काढली गेली. हीच सर्ट-इन दोष कळवणाऱ्यांची पत्रे स्वीकारते, त्यासाठी तिची ठरलेली पद्धत आहे, हेही नाइलाजाने नोंदवते. भाचीला मी ते सांगायला हवे होते. सांगितले नाही.

आता तुमच्यापैकी तिघेचौघे सरसावून बसले असतील, की मुक्तस्रोत म्हणजे काय दैवी कवच आहे का. नाही. २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष, संकेतस्थळांवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या खुल्या कोडमध्ये दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होता. २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावून मागचे दार बसवले. ते बसवणाऱ्या जिया टॅन या नावामागे कोण आहे ते अजून जगाला कळलेले नाही. पण ते दार सापडले कसे? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला सर्व्हरवर शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे वाटले, तो कोड उघडून खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने सगळे जगजाहीर केले. त्याला कुणी माफीनामा लिहायला लावला नाही.

मला लावला. ही गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आले. चेअरमननी कोरा कागद पुढे सरकवला, आणि ‘माझ्याकडून अनवधानाने संस्थेच्या संगणकप्रणालीत अनधिकृत प्रवेश झाला, पुन्हा असे होणार नाही’ असे मी माझ्या हस्ताक्षरात लिहून दिले, कारण शेजारी आई मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती आणि सायबर सेलचे नाव निघाल्यापासून तिचा हात थरथरत होता. एसटीत बसल्यावर ती एवढेच म्हणाली, “दुसऱ्यांची दारं ढकलून बघायची कशाला?” ते पान त्यानंतरही कित्येक महिने तसेच उघडे होते. मी मधूनमधून आईच्याच खाते क्रमांकाने तपासत असे, तेवढीही हिंमत दर वेळी होत नसे.

गप्प बसल्याने दोष बुजत नाहीत, ते बाजारात जातात. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरला फोनमध्ये शिरायला अशीच न बुजवलेली भगदाडे लागतात. २०१९ मध्ये त्याने जगभरातल्या सुमारे १४०० जणांच्या फोनवर हल्ला केल्याचे व्हॉट्सअॅपने सांगितले, त्यात भारतातले पत्रकार आणि मानवी हक्कांसाठी काम करणारे लोक होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅसस असल्याचे निश्चित म्हणता आले नाही, आणि केंद्राने सहकार्य केले नाही अशी नोंद मात्र झाली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमुखाने सांगितलेल्या देशातली ही गोष्ट आहे. अतिरेक्यांचे फोन ऐकावे लागतात हे मलाही कळते. त्यासाठी सर्वांच्या घराच्या भिंती पोकळ ठेवाव्यात हे मला पटत नाही, आणि माझ्या मित्रयादीतल्या कुणाला पटत असेल असे वाटत नाही.

नेदरलँड्समध्ये सरकारी संकेतस्थळातला दोष रीतसर कळवणाऱ्याला सरकारकडून टी-शर्ट मिळतो, आणि त्यावर लिहिलेले असते की मी डच सरकारला हॅक केले आणि मला मिळाला तो हा भिकार टी-शर्ट. भाचीला मी हे सांगितले तर तिने विचारले, “इथे काय मिळतं?” मी उत्तर दिले नाही.

हे सर्व चालू असताना आई आतल्या खोलीतून येऊन आमचे ऐकत बसली होती. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि कानाने थोडी मंद झाली आहे. भाची गेल्यावर तिने मला विचारले, “त्या पोराच्या जातीचा दाखला कुणालाही दिसतो?” मी हो म्हणाले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तेव्हा माझं खातंही कुणालाही दिसत होतं?”

बारा वर्षे तिची समजूत अशी होती की मी दुसऱ्यांच्या खात्यात डोकावले. तिचे स्वतःचे खाते साऱ्या गावाला उघडे होते आणि मी ते झाकायला गेले होते, हे तिला ना त्या खोलीत कुणी सांगितले, ना एसटीत मी सांगितले. मी तेव्हा रागात होते, आणि नंतर लाजेत. “मग तू माफी कशाची मागितलीस?” असे तिने विचारले, आणि पोळ्या करायला उठून गेली.

भाचीला मी आत्ताच निरोप पाठवला आहे, की संकेतस्थळ पुन्हा उघडू नकोस, आणखी एकही आकडा बदलून पाहू नकोस, जे पाहिलेस ते तारीख आणि वेळेसह एका कागदावर लिहून ठेव आणि उद्या सकाळी ये. पत्र मी लिहीन. ते परीक्षा घेणाऱ्यांना आणि सर्ट-इनला दोघांनाही जाईल, तिचे नाव न घालता, माझ्या सहीने. यादीतल्या वकील मंडळींपैकी कुणी उद्या दुपारपर्यंत मसुदा वाचून देऊ शकेल का? या वेळी त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द असणार नाही.