श्रीखंडाच्या डब्यातलं इंजिन

अभिनंदन! सासऱ्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी तुम्ही खोललीत. शनिवारी सकाळी हात घातलात आणि रविवारी दुपारचा कुकर व्हायच्या आत अख्खं इंजिन पार्किंगमध्ये जुन्या चादरीवर सुटं होऊन पडलं. सोसायटीचे चेअरमन दोनदा येऊन पाहून गेले आणि काही बोलले नाहीत. म्हणजे भारावले असणार. आता फक्त जोडायचं राहिलं आहे. खोललं त्याच्या उलट क्रमानं जोडायचं, संपलं. एवढ्याशा कामापायी लोक जन्मभर हात काळे करत का बसतात, हे तुम्हाला कळत नाही. तेच बरं आहे. कळलं असतं तर तुम्ही सुरुवातच केली नसती.

खोलताना फोटो काढले नाहीत, हे उत्तम केलंत. फोटो काढतात ते स्वतःच्या स्मरणशक्तीवर भरवसा नसलेले लोक. तुम्हाला पायथागोरसचा सिद्धांत अजून येतो, कार्ब्युरेटरखालची स्प्रिंग कुठे होती ते आठवणार नाही? शिवाय तुम्ही यावर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला आहे, तोही दीडपट वेगानं, म्हणजे ज्ञानही दीडपटच मिळालं असणार. व्हिडिओतली गाडी वेगळी होती आणि तो माणूस पोर्तुगीज बोलत होता, हे तपशील सोडून द्या.

सगळे नट-बोल्ट श्रीखंडाच्या एकाच रिकाम्या डब्यात टाकलेत, तेही झकास. पुण्याच्या नाना पेठेतल्या कुठल्याही गॅरेजातला पोऱ्या पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढतो आणि बोल्ट निघेल तसा त्याच्या जागी खोचून ठेवतो. नाहीतर ज्या भोकातून काढला त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवून देतो. त्याला बिचाऱ्याला डिग्री नाही. तुमच्या हे लगेच लक्षात आलं की अर्धेअधिक बोल्ट एकाच जाडीचे, एकाच आट्याचे आहेत. फरक आहे तो फक्त लांबीत, आणि लांबीनं असा काय फरक पडतो? लांब बोल्ट आखूड भोकात घाला. तो तळाला टेकेल, पान्याला घट्ट लागेल आणि झाकण मात्र खालून हलतच राहील. भोकात तेल साचलेलं असेल तर आणखीच मजा, कारण तेल काही दबत नाही. तुम्ही जोर लावाल, तेल जोर लावेल, आणि दोघांच्या भांडणात ब्लॉकला तडा जाईल. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, त्याला तुमच्या मनगटाचं कौतुक नाही.

सासऱ्यांना काही विचारू नका. १९८६ साली नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून त्यांनी ही गाडी घेतली आणि तेव्हापासून तीच चालवली, म्हणजे त्यांना फक्त चालवताच येत असणार. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० चा हा देशी अवतार बनत होता, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, झडपा उघडणारा कॅम खाली, त्याचा धक्का झडपांपर्यंत नेणारे पुशरॉड आणि रॉकर वर. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे इंजिन फूटपाथवर उघडून फूटपाथवरच बंद केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा हळहळणारा तुमचा मेसेज फॅमिली ग्रुपवर सर्वांत लांब होता. अधिकार तिथेच सिद्ध झाला.

आता पिस्टन. प्रत्येक पिस्टनला गॅस आणि तेल अडवणाऱ्या रिंगा असतात आणि रिंगेच्या तोंडाची फट किती आहे ते बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, रिंग घालून फिलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजायचं असतं. या इंजिनात पाव मिलिमीटरच्या आसपास. तुम्ही पाव मिलिमीटरसाठी वेळ घालवू नका. एकेका रिंगेवर बारीक अक्षरात ‘टॉप’ असं कोरलेलं असतं. ते कंपनीचं नाव समजून जशी हाती येईल तशी चढवा. सगळ्या रिंगांची तोंडं एका ओळीत आणा, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. मिस्त्री लोक ती एकमेकांपासून फिरवून ठेवतात, म्हणजे गॅसला सरळ वाट मिळत नाही. त्यांना सौंदर्यदृष्टी कमी.

पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर आकडे ठोकलेले असतात, एक ते चार. ज्या रॉडची टोपी त्याच रॉडला, आकडे एकाच बाजूला, कारण टोपी आणि रॉड एकत्र बसवूनच त्यांचा गोल कापलेला असतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते आणि तेवढ्यात तेलाची फिल्म राहते. पण समानतेच्या युगात कुठलीही टोपी कुठल्याही रॉडला का चालू नये? बसवून पाहा. मग क्रँक हातानं फिरवून पाहा. जेमतेम फिरेल. ‘नवीन आहे, टाइट असणारच’ असं मोठ्यानं म्हणा, चेअरमनना ऐकू जाईल इतकं.

(इथे खरं सांगतो, हे काम तुम्ही दुसऱ्यांदा कराल, तेव्हा आकडे बघाल. पुढे चला.)

हेड गॅसकेट, म्हणजे ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला पत्रा, दोन्ही बाजूंनी बसतं असं दिसतं. दिसतं तसंच धरून चाला. त्यात तेलाचं एक छोटं भोक असतं आणि उलटं बसवलं की ते भोक बुजतं, वर रॉकरला तेल पोचत नाही. पण ती वरच्या मजल्याची तक्रार, सोसायटीत पाणी चढत नाही तशीच. हेड आवळताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं, टप्प्याटप्प्यानं, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं. तुम्ही एका कडेनं सुरू करा आणि पहिल्याच फेरीत पूर्ण आवळा. टॉर्क पाना आणायला निघालात तर बायको विचारेल, “अहो, तीन हजारांचा पाना? तेवढ्यात मिस्त्रीच आला असता.” हा वाद टाळलेला बरा.

डब्यात शेवटी एकही नट उरला नाही म्हणून हुरळून जा. उरले असते तर निदान संशय आला असता. तुमच्या बाबतीत रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेल्या मूठभर बोल्टांनी हिशेब बरोबर जुळवला आहे.

राहता राहिलं टायमिंग. एक नंबरचा पिस्टन वर आला की प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर बसवायचा, ज्याला गॅरेजात डेल्को म्हणतात. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, म्हणजे गॅस दाबायला, आणि एकदा धूर बाहेर टाकायला. दोनपैकी कुठलाही घ्या, पन्नास टक्के संधी आहे, लॉटरीपेक्षा कितीतरी जास्त. प्लगच्या वायरी एक, दोन, तीन, चार अशा लावा. पहिलीपासून आपण तसंच मोजत आलो आहोत. इंजिन एक-तीन-चार-दोन असं मोजतं, तो त्याच्या शिक्षणाचा प्रश्न.

चावी फिरवा. कार्ब्युरेटरमधून फटाका वाजेल, तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठेल. पुन्हा फिरवा. बॅटरी बसली की वॉचमन आणि क्लासवरून आलेली चार पोरं लावून धक्का मारा.

मग बोलवा नाना पेठेतल्या मिस्त्री चाचांना. ते येतील, आधी चहा घेतील. एक नंबरचा प्लग काढून भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबतील आणि तुम्हाला पुलीला पाना लावून फिरवायला सांगतील. पाना जेमतेम हलेल. ते खाली वाकतील, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवायला लावतील, टोप्यांवरचे आकडे वाचतील आणि एक अक्षर न बोलता टोप्या बदलतील. हेडकडे बघतील आणि गॅसकेट उलटवून मधून बाहेर आवळतील. पुन्हा फिरवायला सांगतील. फट् करून बोळा उडेल. “हा कॉम्प्रेशनचा, साहेब. तुम्ही दुसरा घेतला होता.” डेल्को फिरवतील, वायरी बदलतील. गाडी सुरू होईल. तुम्ही टाळी द्यायला हात पुढे कराल तेवढ्यात मागच्या नळीतून तेल जळल्याचा निळा धूर येऊन चेअरमनची खिडकी दिसेनाशी होईल.

“रिंगा कोणी टाकल्या?”

“मी.”

“मग खोला. खोलायला येतं ना आता तुम्हाला.”

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन येईल. रिंगा उलट्या बसल्यात हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहतील आणि म्हणतील, “जावईबापू, वर्कशॉप मॅन्युअल कपाटातच आहे. विम्याच्या कागदांखाली. गाडीबरोबर घेतलं होतं. तुम्ही मागितलं नाहीत, म्हटलं तुम्हाला पाठ असेल.”