सोफ्याच्या रंगावरनं चित्र निवडू नका
भिंतीवरचं चित्र कसं निवडायचं यावरच्या लेखात म्हटलंय सोफा नि पडद्याला मॅच होईल असं चित्र घ्या, हे काय पटलं नाही बघा. सोफा दहा वर्षांत बदलतो, चित्र पोरांकडं जातं. आमच्या टिळकवाडीच्या घरात एक ओरिजिनल वॉटरकलर नेमकं पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर लावलेलं, आणि बेळगावचा पाऊस माहीतच हाय, दोन पावसाळ्यात कागदावर बुरशीचे ठिपके आले, लई वाईट वाटलं. आता अ‍ॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवती आम्ल नसलेल्या जाड पुठ्ठ्याची चौकट) घातलाय म्हणजे काच कागदाला चिकटत नाही, आणि फ्रेममागं खालच्या कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे लावलेत, मागनं वारं खेळतं. दवाखाना, ऑफिसात ऊन थेट पडत असेल तर कागदावरचं चित्र नकोच, अ‍ॅक्रेलिक रंगातलं बघा. ओरिजिनल म्हणून प्रिंटपण गळ्यात मारतात, भिंगातनं बघितलं तर छपाईचे बारीक ठिपके दिसतात. चित्रकार रवी परांजपे आपल्या बेळगावचे, के. बी. कुलकर्णी सरांचे विद्यार्थी, आणि त्याच गावातल्या नव्या हॉटेलांत सगळीकडं तेच छापील पळते घोडे, जीव तुटतो. एकदा इथल्या शिकणाऱ्या पोरांची चित्रं बघाय तरी जावा की.