मेंटॉर व्हा, पण बेताने

अभिनंदन! कंपनीचा मेल आला, गरीब होतकरू मुलांना कॉलेजपासून नोकरीपर्यंत हात द्यायचं आवाहन वाचून तुमचा ऊर भरून आला आणि तुम्ही नाव नोंदवलंत. आता तुम्ही मेंटॉर. गाइड म्हणू नका, गाइड दहावीला सत्तर रुपयांना मिळायचं आणि त्यात उत्तरं असायची. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 बड्या कंपन्यांकडून सामाजिक कामासाठी सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्केच मागतं. तुम्ही महिन्यातला एक अख्खा शनिवार देताय. कायद्यालाही लाजवलंत.

पहिली भेट घोडबंदर रोडवर ठेवा, तुमच्या कॉम्प्लेक्सखालच्या कॉफी शॉपमध्ये. तुम्हाला फक्त लिफ्टनं खाली यायचंय. मुलगा दिघ्याहून येईल. जानेवारी 2024 पासून दिघा गावला स्टेशन झालंय, त्यामुळे ठाण्यापर्यंत सुखाचं आहे. पुढे टीएमटीची बस आणि घोडबंदरचा ट्रॅफिक. तो चाळीस मिनिटं उशिरा पोचेल. तेव्हा त्याला वेळेचं नियोजन शिकवा. कॉफी विचारलीत तर मेनूकार्डावर एक नजर टाकून म्हणेल, "नको सर, आत्ताच चहा झाला." हा आत्मविश्वासाचा अभाव. वहीत लिहून ठेवा.

मग तो प्रश्न विचारा. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस? मुलगा म्हणेल, "सर, फीचं झालं नाही तर पुढच्या आठवड्यात हॉल तिकीट अडवतील." बघा, पाच वर्षांचं विचारलं तर हा पुढच्या आठवड्यात अडकलाय! व्हिजन नाही.

इथे एक धोक्याची सूचना. तो फोन पुढे करून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज दाखवायला लागेल. तुम्ही त्यात पडू नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी, बोनाफाईड, रेशन कार्ड, आधार जोडलेलं बँक खातं असं सगळं त्याने सेतू केंद्राच्या आणि कॉलेजच्या रांगांत उभं राहून जमवलेलं असतं. तरी एक कागद पुसट स्कॅन झाला म्हणून अर्ज परत आलेला असतो. तुमच्याकडे स्कॅनर आहे, लॅपटॉप आहे, आणि कॉलेजच्या क्लार्कशी तुम्ही दोन वाक्यं बोललात तर तो खुर्चीतून उठून बोलेल. एका तासाचं काम. पण केलंत तर मुलाला नुसते पैसे मिळतील, प्रेरणा कुठून मिळणार?

आणि त्याची बहीण पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाणार असं कळलं, तरी गप्प बसा. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना, प्रवेश सरकारी कॅप फेरीतून घेतला तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. एजंटने मॅनेजमेंट कोट्यात ढकललं की ती माफी गेली. हे एवढं एक वाक्य वेळेवर सांगणारं माणूस त्या घराला कधी भेटलेलं नसतं. पण तुमच्या स्लाइड्समध्ये ते नाही. तुमच्या स्लाइड्समध्ये हिमनग आहे.

दुसऱ्या महिन्यात त्याने विचारलं, "रविवारी भेटलं तर चालेल का? शनिवारी पार्सलची शिफ्ट असते," तर अहवालात 'बांधिलकी कमी' असं नोंदवा. इंग्रजी सुधार, प्रोफाइल बनव, फोटोत हस, असं सांगत राहा. तुमच्या स्ट्रगलची गोष्टही सांगाच, डोंबिवलीची वन रूम किचन, आठ बाविसची फास्ट. बाबा बँकेत होते आणि इंजिनिअरिंगची फी त्यांनी एकरकमी भरली, हा तपशील गोष्टीची लय बिघडवतो. गाळा.

आता शेवटचं वर्ष, कॅम्पस प्लेसमेंट. कंपन्यांची अट दहावीपासून सलग 60 टक्के आणि एकही केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, नको. ह्याची तिसऱ्या सेमला एक राहिली होती, आई आजारी होती तेव्हाची. नंतर सुटली, पण यादीतून नाव गेलं ते गेलंच. तो बिचकत विचारेल, "सर, तुमच्या कंपनीत काही...?" दिघ्यापासून एकच स्टेशन, ऐरोली. तिथल्या आयटी पार्कात तुम्ही सातव्या मजल्यावर बसता. त्याची आई त्याच इमारतीत हाउसकीपिंगला आहे. ओळखपत्र गळ्यात घालून ती तुमच्या तीन तास आधी आत शिरते. म्हणजे बघा, घरातल्या एकीची सोय झालेलीच आहे.

त्याला शांतपणे सांगा, "नेटवर्क तयार कर." नेटवर्क म्हणजे तुमच्या फोनमधले नंबर हे त्याला कळू देऊ नका. रेफरल वशिल्यासारखा दिसतो, आणि तुम्ही तत्त्वाचे.

एवढ्यात पुण्याहून ताईचा फोन येईल. "अरे, पिंट्याच्या दोन केटी आहेत, कुठे होत नाहीये, बघ ना जरा." मुलाला हाताने थांबायची खूण करा आणि बाजूला जाऊन एचआरला फोन लावा. केटीचं काय एवढं, पोरगं हुशार आहे, जरा उशिरा उमलतंय इतकंच. बायोडाटा व्हॉट्सॲपवर चालेल ना?

परत येऊन बसा. कॉफी गार झाली असेल, दुसरी मागवा. हां, तर आपण कुठे होतो? नेटवर्क.