ताईत कुठे सापडला, याने फरक पडतो

प्राचीन इजिप्तचे ताईत जमवणाऱ्यांमध्ये एक विधान वारंवार फिरत असते. त्याचा आशय असा: हे ताईत साच्यांतून हजारोंनी काढलेले होते, प्रत्येक आकाराचा धार्मिक अर्थ ठरलेला आहे, ते सगळे मृतांसाठीच केलेले होते; म्हणून एखादा ताईत नेमका कुठून आला हे ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही. साच्यांविषयीचा भाग खरा आहे, पण त्यावर उभारलेला निष्कर्ष टिकत नाही.

प्रथम ‘ठरलेल्या अर्था’विषयी. शेणाचा गोळा लोटणारा भुंगेरा म्हणजे उगवत्या सूर्याचे, खेप्री देवाचे रूप आणि म्हणून पुनर्जन्माचे चिन्ह, एवढे कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळते. पण मध्य राज्याच्या काळात (सुमारे चार हजार वर्षांपूर्वी) याच आकाराच्या तळाशी अधिकाऱ्याचे नाव व पद कोरून तो मोहोर म्हणून वापरला जाई. तिसरा आमेनहोतेप या राजाने मोठे भुंगेरे घडवून घेतले आणि त्यांपैकी काहींवर आपण राज्यारोहणानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत १०२ सिंह मारल्याची वार्ता कोरवली. तिसऱ्या थुतमोसचे ‘मेनखेपेररे’ हे राजनाम त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतके संरक्षक अक्षरे म्हणून भुंगेऱ्यांवर येत राहिले. ममीच्या छातीवर ठेवायचा हृदय-भुंगेरा तर वेगळाच: न्यायनिवाड्यात हृदय तोलले जाताना त्याने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी त्यावर कोरलेली असे. आकार एकच, पण उपयोग चार. कोरीव मजकूर असेल तिथे तो मदतीला येतो. साध्या, अक्षरहीन भुंगेऱ्याच्या बाबतीत मात्र तो कुणाच्या बोटात, घरात की कफनात होता हे सापडण्याच्या जागेवरूनच कळू शकते.

इजिप्शियनांच्या स्वतःच्या मंत्रांतही केवळ आकार पुरेसा मानलेला नाही. मृतांच्या ग्रंथातील, म्हणजे मृतासोबत ठेवल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहातील, १५५व्या मंत्रानुसार मृतांचा देव ओसिरिस याच्या पाठीच्या कण्याचे प्रतीक असलेला जेद स्तंभ सोन्याचा असावा आणि दफनाच्या दिवशी मृताच्या गळ्याशी ठेवावा. १५६वा मंत्र आयसिस देवीच्या गाठीच्या आकाराच्या ताइताविषयी आहे. ती तांबड्या जॅस्पर दगडाची हवी, कारण तिचा संबंध देवीच्या रक्ताशी आहे. द्रव्य, रंग, शरीरावरील स्थान आणि उच्चारलेले शब्द मिळून विधी पूर्ण होई. म्हणूनच ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने १८८०च्या दशकाच्या अखेरीस हवारा येथील पाण्याने भरलेल्या थडग्यातून होरुता नावाच्या माणसाची ममी बाहेर काढली, तेव्हा तिच्या अंगावर ओळींनी मांडलेल्या ताइतांची जागाही त्याला मोलाची वाटली. चोराने घाईत ओरबाडून काढलेल्या मूठभर ताइतांतून ही मांडणी पुन्हा उभी करता येत नाही. माझ्या मते संग्राहकांच्या लक्षात सर्वांत कमी येणारे नुकसान हेच आहे, कारण हातातली वस्तू तर अखंड दिसते.

‘मृतांसाठीच’ हा दावा तर सरळ चुकीचा आहे. बेस आणि तावेरेत या देवतांचे ताईत जिवंत माणसे वापरत. गर्भवती व बाळंतिणींच्या रक्षणाशी त्यांचे विशेष नाते होते. अखेनातेन या राजाने फक्त आतेन या सूर्यबिंबरूपी देवाचा पुरस्कार केला, तरी त्याच्या राजधानीत, अमार्ना येथे, सामान्यांच्या वस्तीत या दोघांचे ताईत मिळाले आहेत. अधिकृत धर्मापलीकडे घराघरांत काय मानले जात होते, हे त्यांच्यामुळे कळते. तेच ताईत पाकिटात घालून विकले गेले असते, तर ते नुसते बेस आणि तावेरेत एवढेच उरले असते.

आता साच्यांविषयी. अमार्ना येथे १८९१-९२च्या उत्खननात ताइतांचे व दागिन्यांचे मातीचे साचे हजारोंनी निघाले. असे ताईत बहुधा फायन्स या चकचकीत कृत्रिम द्रव्याचे असत: क्वार्ट्झची पूड, चुना आणि क्षार यांच्या लगद्यात तांब्याचा अंश मिसळून ते करीत, आणि भाजताना त्यावर निळी-हिरवी झिलई येई. हिरवा रंग टवटवीतपणाचा, नव्याने फुटणाऱ्या जीवनाचा. परंतु दोन वस्तू एकाच साच्यातल्या असल्या, तर त्यांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे त्या कुठे वापरल्या गेल्या हीच होय. शिवाय साच्यातून काढण्याच्या या साधेपणामुळे नकलाही सोप्या झाल्या. लक्झरजवळ पर्यटकांसाठी बनावट भुंगेरे करण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. उगमाचा पुरावा नसेल, तर अभ्यासकाला अशा वस्तूवर भरवसा ठेवता येत नाही.

‘कुणाचेच नुकसान नाही’ असे म्हणणाऱ्यांनी २०१३चा ऑगस्ट आठवावा. इजिप्तमधील मल्लावी येथील संग्रहालय तेव्हा लुटले गेले आणि हजाराहून अधिक वस्तू गेल्या. त्यांपैकी बऱ्याच पुढे परत मिळाल्या. इजिप्तमध्ये पूर्वी परवानाधारक व्यापारी होते, त्यामुळे जुन्या संग्रहातील ताईत कायदेशीर असू शकतो, हे मान्य करावेच लागेल. परंतु १९८३च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने तेथील हा व्यापार बंद झाला. तेव्हा विक्रेत्याने ‘जुना युरोपीय संग्रह’ एवढेच लिहिले असेल, तर कोणत्या वर्षी, कुणाकडून आणि कोणत्या कागदावर ही वस्तू इजिप्तबाहेर आली हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर ती घेऊ नये.