रिमोल्ड म्हणजे भंगार नव्हे

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज कोणी तरी शाळेच्या बसच्या मागच्या चाकाचा फोटो टाकून ‘मुलांच्या जिवाशी खेळ’ असे लिहिले आणि तासाभरात सगळेच टायरतज्ज्ञ झाले. गुन्हा एवढाच, की टायर रिमोल्ड केलेला, म्हणजे झिजलेला वरचा थर काढून त्या जागी नवा बसवलेला होता.

माझ्या वडिलांचा ट्रक तुर्भ्याच्या मार्केटला माल आणत असे. टायर झिजून गोटा झाले की ते कळंबोलीच्या रिमोल्डिंगवाल्याकडे जात आणि शाळेला सुट्टी असली की मलाही नेत. तिथला मिस्त्री आधी टायरच्या आतून तळहात फिरवी, खिळ्याच्या जागेभोवती खडूने गोल काढी, आणि बाजूला फुगवटा लागला की ‘शेठ, हा नाही चालणार’ एवढेच म्हणून टायर भिंतीकडे लोटून देई. वडिलांनी कितीही गळ घातली तरी तो बधत नसे. जो टायर पास होई, त्याचे झिजलेले रबर मशीनवर घासून, त्यावर कुशन गम, म्हणजे चिकटवणारा रबराचा पातळ थर, आणि नक्षीची नवी पट्टी बसवून, चेंबरमध्ये उष्णता व दाब देऊन पक्के केले जाई. याला ‘जुन्यावर रबर चिकटवणे’ म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

विमानांचे टायरही रिट्रेड, म्हणजे असेच रिमोल्ड, होतात, आणि एसटी महामंडळाचे तर या कामाचे स्वतःचे कारखाने आहेत. गणपतीला गावी जाताना एसटीचे चाक वाकून पाहिलेला एक तरी सभासद मला दाखवा! झिजतो तो वरचा थर. टायरची खरी ताकद आतल्या सांगाड्यात असते, आणि तो धड असताना टायर फेकणे ही शुद्ध उधळपट्टी आहे. दाराचे रबर सैल झाले म्हणून अख्खा फ्रिज भंगारात काढणारी मंडळीही याच ग्रुपवर आहेत.

पुढच्या चाकांना रिमोल्ड नको आणि वाईट कामाची पट्टी सुटते, हे मान्य. पण कमी हवा आणि जादा वजन यांनी नवा टायरही फुटतोच.

फोटो टाकणाऱ्यावर खरे तर माझा राग नाही, लेकरांची काळजी कोणाला नसते? परंतु बसवाल्याला धारेवर धरायचेच असेल, तर सांगाडा कोणी तपासला, टायर कितव्यांदा रिमोल्ड झाला आणि हवा कधी पाहिली, एवढे तरी विचारा. हे काम प्रत्यक्ष पाहण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनी खाली नाव लिहावे; येत्या रविवारी कळंबोलीला मी स्वतः घेऊन जाईन.