कॅमेरा कसाय?

आमच्या घरी नवीन फोन घ्यायचा ठरला की रॅम, प्रोसेसर वगैरे कुणी विचारत पण नाही, बॅटरीवर एखादं वाक्य होतं आणि मग सगळे एकाच प्रश्नावर येऊन थांबतात, कॅमेरा कसाय? आता तो कसाय हे ठरवायचं कसं, यावर मात्र घरात एकमत होणं शक्य नाही. आईचं म्हणणं, फोटोत माणूस ओळखू आला पाहिजे. बायकोचं बरोबर उलटं, आहोत तसंच दिसायचं असेल तर घरात आरसा आहे की. आणि चिरंजीव नववीत, म्हणजे त्यांना सगळंच कळतं. ते यूट्यूबवर रिव्ह्यू बघून तयार होऊन आलेले, "बाबा, 200 मेगापिक्सलच्या खाली बघायचंच नाही."

म्हटलं अरे, हे 200 मेगापिक्सल म्हणजे लग्नपत्रिकेवरची नावं, छापायला अख्खं खानदान, प्रत्यक्ष कामाला चौघं. नेहमीच्या मोडमध्ये तो फोन 16 पिक्सलचा मिळून एक करतो आणि आपल्या हातात ठेवतो साडेबारा मेगापिक्सलचा फोटो. 50 वाला चार-चारचा एक करतो, तो पण साडेबाराच. 108 वाला नऊ-नऊचा, तो 12. फिरून फिरून भोपळे चौकात. यात फसवाफसवी काही नाही हां, कमी उजेडात फोटो बरा यावा म्हणूनच ते करतात, पण मग बघायचा तर सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, केवढा आहे ते बघा ना, तर ते खोक्यावर मोठ्या अक्षरात कोण छापतंय. आणि मागे तो दोन मेगापिक्सलचा मॅक्रो नावाचा डोळा असतो तो कशासाठी असतो ते विचारू नका, मला वाटतं कॅमेऱ्यांची संख्या भरायला.

दुकानात गेलो. दुकानातल्या पोराने "काकू, इकडे बघा" म्हणत आईचा फोटो काढला आणि स्क्रीन समोर धरली. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही कोण?"

"आजी, ब्यूटी मोड ऑन आहे," चिरंजीव.

"असू दे ऑन," बायको.

बरं, दुकानात छतावर हातभर अंतरावर लाइट लावलेले असतात, तिथे आधार कार्डावरचा माणूस सुद्धा हिरो दिसेल. त्या उजेडात काढलेल्या फोटोवरून कॅमेरा पसंत करणं म्हणजे कमालच. म्हणून मी माझ्या जुन्या फोनची गॅलरी उघडली आणि म्हटलं आपण रोज काढतो काय ते तरी बघू. तर काय निघालं? जिन्याखालच्या अंधारातलं लाइटच्या मीटरचं रीडिंग. सोसायटीची पाणी बंदची नोटीस. डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यावर माझ्याच डोक्याची सावली. आणि औषधांच्या पट्ट्या, पट्ट्याच पट्ट्या, कारण मेडिकलवाला म्हणतो स्ट्रिपचा फोटो पाठवा. निसर्ग वगैरे एकूण शून्य.

मग मी आईच्या पर्समधून बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, याची एक्सपायरी वाचून दाखव. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. पण सांगतो, यासारखी परीक्षा नाही. चकचकीत चंदेरी कागद, त्यावर उठवलेले बारीक आकडे, ट्यूबलाइट नेमकी त्यांच्यावरच चमकणार, आणि मोठ्या सेन्सरचा मेन कॅमेरा फार जवळ नेला की फोकसच धरत नाही, मग फोन गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि रंग एकदम बदलतो. सगळ्यात महाग फोन तिथेच आपटला. मधल्या किमतीचा एक होता त्याने आकडे दाखवले, थोडं लांबून 2x झूमवर काढला तेव्हा. त्याचा पोर्ट्रेट मोड, माणूस सोडून मागचं सगळं धूसर करतो तो, मात्र दिव्य, बायकोच्या चष्म्याची एक काडी त्याने पार्श्वभूमीत जमा केली. तरी तोच घेतला, कारण तोपर्यंत आईचे पाय दुखायला लागले होते.

खरी कसोटी पुढे गणपतीत लागली. समोर निरांजन, मागे एलईडीच्या माळा, आणि सगळे हलताहेत. माळांमुळे फोटोत आडवे पट्टे, कारण आपली वीज 50 हर्ट्झची, त्यावर स्वस्तातल्या माळा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण शटरला दिसतं. म्हणून चिरंजीवांनी नाइट मोड लावला. तो बिचारा भराभर बरेच फोटो काढून एकावर एक बसवतो, मूर्ती स्थिर असल्यामुळे अप्रतिम आली, टाळ्या वाजवणाऱ्या मावशींना मात्र चार हात आले. मावशी खूश. त्यांनी तोच मागून घेतला.

आईने काढलेला एक फोटो खरंच सुंदर आला होता, कोपऱ्यात अंगठा आहे पण ठीके. तो तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, एचडी वगैरे न करता, म्हणजे क्लॅरिटीची निम्मी अर्धी चटणी तिथेच वाटली गेली. आत्याने त्याला गुलाबाची फ्रेम आणि शुभ सकाळ लावून स्टेटस ठेवलं. मामांनी त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलंय, "क्लॅरिटी मस्त आहे, किती मेगापिक्सल?"